अडकलेल्या पिनेचे गाणे

काही वाक्प्रचार मोठे चिवट असतात. ज्या वस्तूंतून ते जन्मले त्या वस्तू माळ्यावर जाऊन पडल्या, तरी ते मात्र खुशाल दिवाणखान्यात वावरत असतात. 'पिन अडकणे' हा त्यांतलाच एक. पाहुणे म्हणून आलेले गृहस्थ आपल्या काशीयात्रेची हकीकत तिसऱ्यांदा सांगू लागले, की स्वयंपाकघरातून हळूच शब्द येतात, "झालं! पिन अडकली!" बोलणाऱ्याला कळते, ऐकणाऱ्याला कळते, न कळणारे एकटे ते गृहस्थच.

मध्यंतरी वर्गात वाक्प्रचार शिकवताना मी सहज विचारले, "ही पिन कोणती बरे?" एका मुलाने सांगितले, "सर, एटीएमची." दुसऱ्याने दुरुस्ती केली, "नाही सर, पोस्टाचा पिनकोड." एका मुलीला मात्र ठाऊक होते. तिच्या आजोबांकडे ग्रामोफोन होता. मी तिला मनातल्या मनात दोन गुण अधिक दिले, कारण ग्रामोफोन आमच्याकडेही होता, आणि त्याची पिन खरोखरच अडकत असे.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत नोकरीला होते. पगार बेताचा, आणि व्यसन एकच, तबकड्यांचे. त्यांच्या संग्रहात पंचेचाळीस फेऱ्यांची एक लहान तबकडी होती. कोणत्या गाण्याची, ते सांगत नाही. ती आमच्या घरातली गोष्ट आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी ती आईसाठी आणली होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे. तिच्या दुसऱ्या कडव्यात एक बारीक चरा पडला होता. तेथे पिन आली, की एका शब्दाच्या मधल्या अक्षरावर गाणे अडकायचे. पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी एक फेरा सव्वा सेकंदाहून थोड्याशा अधिक वेळात पुरा करते. तेवढ्या अंतराने ते अक्षर पुन:पुन्हा उमटायचे. अण्णा आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत असायचे. तीन-चार फेरे झाले, की आतून आईची हाक यायची, "अहो, पिन उचला!" मग अण्णा उठत, दोन बोटांनी पिन किंचित पुढे सरकवीत, आणि गाणे मार्गी लागे.

आम्हा भावंडांना ते गाणे तसेच आहे असे वाटत असे. पुढे एकदा रेडिओवर ते सलग ऐकले, तेव्हा माझा विरसच झाला. नेमकी आईची हाक यायची त्या जागी गायिका बेफिकिरीने पुढे निघून गेली!

अण्णांना जाऊन आता आठ वर्षे झाली. तबकड्या कपाटात आहेत. आई त्यांच्यावरची धूळ पुसते, पण लावीत नाही.

"हे वाद्य आहे, बाबा!"

एवढी प्रस्तावना केल्यावर, गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी जिना चढत असताना माझे काय झाले असेल याची कल्पना वाचकांना येईल. आमच्या घरातून असा आवाज येत होता, की जणू पत्र्यावर कोणी नखे ओढीत आहे, आणि मधूनच एखादे माणूस 'आ' करून बोलू पाहते आहे, पण कोणीतरी त्याच्या तोंडावर हात दाबते आहे. दार उघडून पाहतो तो आमचे चिरंजीव कानांवर मोठाले हेडफोन चढवून एका फिरत्या तबकडीवर हात ठेवून उभे! डावा हात तबकडी पुढे-मागे ढकलतो आहे, उजवा एका खटक्यावर थरथरतो आहे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या या मुलाने शिकवण्या करून साठविलेल्या पैशांतून जुने टर्नटेबल विकत आणले होते.

"अरे, आजोबांची तबकडी आहे का ती?" मी ओरडलोच.

"नाही हो बाबा. ही माझी आहे. मुद्दाम घासायसाठीच आणली."

"घासायसाठी? भांडी आहेत का ती?"

"हे वाद्य आहे, बाबा! याला स्क्रॅचिंग म्हणतात."

"वाद्य? मग हे वाजतंय की रडतंय?"

चिरंजीवांनी हेडफोन खाली घेतले, माझ्याकडे रोखून पाहिले आणि म्हणाले, "तुम्हाला रडल्यासारखं वाटलं ना? मग झालं तर!"

मी निरुत्तर झालो. वीस वर्षे विद्यार्थ्यांना रस, भाव आणि अभिव्यक्ती शिकविणाऱ्या माणसाला घरच्याच मुलाने पेचात पकडावे! रडल्यासारखे वाटले हे खरेच होते. पण ते रडणे कलेतले, की खरोखरीच यंत्राचे कुरकुरणे? त्या सुट्टीत मी इतर वाचन बाजूला ठेवून या प्रश्नाच्या मागे लागलो. संगीतातला मी जाणकार नव्हे, केवळ कानसेन आहे. परंतु जे वाचले, ऐकले आणि पाहिले, ते असे गमतीचे निघाले, की ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

आईची हाक

या कलेचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स या भागातला. १९७० च्या सुमारास तेथे फार वाईट दिवस होते. वस्तीच्या मधून रुंद मोटाररस्ता काढल्यामुळे हजारो कुटुंबे उठली होती. इमारती ओस पडत होत्या, जळत होत्या. १९७५ साली न्यूयॉर्क महानगराचे दिवाळे निघण्याची वेळ आली आणि शाळांतून शिक्षक कमी करण्यात आले. व्हायोलिन किंवा ट्रम्पेट शिकण्याची ऐपत तेथील निग्रो आणि पोर्तोरिकन मुलांना कोठून असणार? पण घराघरांत आईबापांचा ग्रामोफोन होता, आणि तबकड्या होत्या.

जमैकाहून आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा एक धिप्पाड तरुण होता. लोक त्याला 'कूल हर्क' म्हणत. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत त्याच्या बहिणीने एक नाचाची मेजवानी ठेवली. हर्कने हेरले होते, की गाण्यात गायक थांबून नुसता ताल सुरू झाला, की नाचणाऱ्यांच्या अंगात येते. पण तो तुकडा काही सेकंदांत संपतो. मग त्याने तीच तबकडी दोन यंत्रांवर लावली. एकीवरचा तुकडा संपला, की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे. आमच्या घरात तबकडी नकळत अडकत होती, त्याने ती समजून-उमजून अडकवली!

ही युक्ती शास्त्रशुद्ध केली ती ग्रँडमास्टर फ्लॅशने. याचे खरे नाव जोसेफ सॅडलर. जन्म १९५८ चा, बार्बाडोस बेटावरचा. तबकडीवर खडूने खुणा करून नेमका तुकडा नेमक्या क्षणी पकडण्याचे तंत्र त्याने बसविले. तबकडी हाताखाली सहज घसरावी म्हणून तिच्याखाली कापडाची चकती हवी होती. फेल्टचे कापड लुळे पडते, म्हणून आपण त्याला खळ लावून इस्त्री केली, असे त्याने सांगितले आहे. वाद्यनिर्मितीच्या इतिहासात परटाच्या कलेला मिळालेले हे बहुधा एकमेव स्थान!

आणि मग थिओडोर लिव्हिंग्स्टन, पुढे 'ग्रँड विझर्ड थिओडोर' म्हणून ओळखला जाणारा. त्याने स्वत: अनेकदा सांगितलेली हकीकत अशी. साल १९७५, कोणी १९७७ धरतात. वय बारा-तेराचे. पोरगा खोलीत मोठ्याने तबकड्या लावून बसलेला. आई दार वाजवून आत आली आणि आवाज कमी करायला सांगू लागली. ती बोलत असताना त्याने फिरती तबकडी हाताने धरून ठेवली, आणि तो हात नकळत पुढे-मागे हालत राहिला. आई काय बोलली कोण जाणे. पोराचे लक्ष कानातल्या त्या 'झिग्‌-झिग्‌' आवाजाकडे होते! पुढे कित्येक महिने सराव करून त्याने तो आवाज तालात बसवला.

घरोघरच्या आयांनी या प्रसंगापासून काय बोध घ्यावा ते मी सांगत नाही. एवढेच म्हणतो, की ही हकीकत वाचली आणि मला आमच्या स्वयंपाकघरातून येणारी ती हाक आठवली.

वाद्य कसे बोलते?

आता हे वाद्य म्हणजे काय ते पाहू. जुन्या यंत्रात चकती पट्ट्याने फिरत असे. हाताने अडवली, की पुन्हा वेग घ्यायला तिला वेळ लागे. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७२ साली टेक्निक्स एस.एल. १२०० हे यंत्र काढले. त्यात मोटार थेट चकतीखालीच असते. त्याच्या १९७९ च्या सुधारलेल्या आवृत्तीत चकती ०.७ सेकंदात पुरा वेग घेते. ते काढले होते घरी बसून निवांत संगीत ऐकणाऱ्यांसाठी. ब्राँक्सच्या मुलांनी त्याचे वाद्य केले. २०१० मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले आणि चाहत्यांच्या मागणीमुळे २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले.

अशी दोन यंत्रे, आणि त्यांच्यामध्ये एक पेटी. पेटीवर आडवा सरकणारा खटका असतो, त्याला क्रॉसफेडर म्हणतात. तो इकडे सरकवला तर या तबकडीचा आवाज, तिकडे सरकवला तर त्या. एक हात तबकडीवर, एक खटक्यावर. सारे वाद्य एवढेच.

तबकडीवरच्या हाताने काय होते? वेग निम्मा केला, की सूर बरोबर एका सप्तकाने खाली येतो. दुप्पट केला, की एक सप्तक वर चढतो. आणि हात तर काही पायऱ्यांनी चालत नाही! तो एका वेगातून दुसऱ्यात घसरत जातो. म्हणजे दोन सुरांमधली सारी वाट ऐकू येते. आपल्याकडे याला मींड म्हणतात. पेटीवर जी काढता येत नाही म्हणून गवई हळहळतात, ती मींड या वाद्याची मातृभाषाच आहे. हात थरथरवला तर गमकासारखा आवाज निघतो. तबकडी उलटी फिरवली तर आणखी चमत्कार होतो. पियानोचा सूर एरवी ठणकन उमटतो आणि विरत जातो. उलटा फिरवला, की शून्यातून फुगत येतो आणि एकदम तुटतो, जणू कोणी श्वास आत ओढून घेतला.

खटक्यावरच्या हाताचे काम म्हणजे ओठांचे काम. लहान मूल 'आ' करीत तोंडावर हात मारते आणि 'वा-वा-वा' असा आवाज काढते ना, तेच. खटका मिटला की मौन, उघडला की उद्गार. 'क्रॅब' म्हणजे खेकडा नावाच्या प्रकारात चार बोटे ओळीने खटक्यावरून अंगठ्याच्या आधाराने झरझर निसटतात, आणि एका घासण्याचे चार-पाच तुकडे होतात. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा तबल्यातल्या 'तिरकिट'ची आठवण झाली. अशा शेकडो 'बोलां'ना नावे आहेत. ते कागदावर लिहून ठेवण्याच्या पद्धतीही १९९० नंतरच्या दशकात निघाल्या. आपले भातखंडे असते, तर त्यांनी कुतूहलाने चष्मा लावला असता.

तबकडीवरचा आवाज म्हणाल, तर तो कोणताही चालतो. पण या मंडळींची एक लाडकी तबकडी आहे. १९८२ साली निघालेल्या 'चेंज द बीट' या तबकडीच्या शेवटी यंत्रातून काढलेल्या माणसाच्या आवाजात एक लहानसे वाक्य आहे. त्यातला आरंभीचा 'आ' आणि अखेरचा शब्द यांवर जगभरच्या वादकांनी जन्म काढले आहेत. आपल्या तंबोऱ्याच्या षड्‌जासारखे ते 'आ' या पंथाचे मूळ अक्षर होऊन बसले आहे.

१९८३ साली हर्बी हॅनकॉक या नामवंत जाझ पियानोवादकाने 'रॉकिट' नावाची रचना काढली. तिच्यात डी.एस.टी. नावाच्या वादकाने तबकडी घासली. या रचनेला ग्रॅमी पारितोषिक मिळाले आणि १९८४ च्या समारंभात ती दूरचित्रवाणीवर दिसली. पियानो आहे, सिंथेसायझर आहेत, आणि त्यांच्या बरोबरीने एक माणूस तबकडी पुढे-मागे करतो आहे! पुढच्या पिढीतले कितीतरी वादक सांगतात, की ते पाहिले आणि आमचे आयुष्यच फिरले.

तीन आक्षेप

हे सारे ठीक; पण हे संगीत आहे का, आणि असलेच तर त्यात भाव आहे का? माझ्या मित्रमंडळींत मी हा विषय काढला, तेव्हा तीन आक्षेप आले.

पहिला आक्षेप: हे यंत्र आहे, यंत्रात भावना कोठून येणार? या आक्षेपाला आपल्याकडे एक वडील बंधू आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दारे बंद केली, ती १९७१ पर्यंत उघडली नाहीत. परकी पेटी, ठोकळेबाज सूर, मींड नाही, असे आरोप होते. त्यांत तथ्यही होते. पण त्याच पेटीतून गोविंदराव टेंबे यांनी काय काढले, ते महाराष्ट्राला सांगायला नको. तात्पर्य, भावना पेटीत नसते आणि लाकडाच्या सारंगीतही नसते. ती हाताला असलेल्या मोकळिकीत असते. हात जेवढा सूक्ष्म फरक करू शकेल आणि तो फरक जेवढा ऐकू येईल, तेवढी भावनेला जागा. या कसोटीला तबकडी पुरेपूर उतरते.

दुसरा आक्षेप: गाणे दुसऱ्याचे, आणि हा त्याच्यावर हात फिरवून वाहवा घेणार? हा आक्षेप वजनदार आहे. दुसऱ्याच्या श्रमावर हात ठेवताना त्याचे ऋण मानले पाहिजे आणि त्याचा मोबदलाही चुकवला पाहिजे, यात शंका नाही. पण कलेच्या दृष्टीने पाहा. ठुमरी गाणारी गायिका एकच ओळ दहा वेळा म्हणते. शब्द कवीचे, चाल परंपरेची. पण एकदा त्या ओळीत तक्रार असते, एकदा आर्जव, एकदा लटका राग, आणि शेवटी केवळ हताशपणा. याला आपण 'बोल बनाना' म्हणतो आणि मान डोलावतो. तबकडीवाला ओळीऐवजी एका अक्षराचे बोल बनवतो. मी भाषेचा शिक्षक. शब्द फोडून त्याचे प्रकृती-प्रत्यय वेगळे करणे हा माझा धंदा. पण अक्षर फोडून त्यातला श्वास वेगळा काढता येतो, हे मला या मुलांनी दाखविले.

तिसरा आक्षेप आमच्या एका संगीतप्रेमी स्नेह्यांचा: "हा सारा हातचलाखीचा खेळ आहे हो!" या आक्षेपापुढे मी निम्मी मान तुकवतो. डी.एम.सी. नावाची एक जागतिक स्पर्धा १९८५ पासून भरते. तिच्या अंतिम फेरीत वादकाला सहा मिनिटे मिळतात. १९९७ साली माँट्रियलचा ए-ट्रॅक नावाचा मुलगा अवघ्या पंधराव्या वर्षी तिच्यात जगज्जेता झाला. या सहा मिनिटांत वादक पाठीमागे हात नेऊन, गिरकी घेऊन तबकडी घासतात. पाहताना थक्क व्हायला होते. डोळे मिटले तर पुष्कळदा हाती काही लागत नाही. पण मग आपल्या मैफलींत तरी काय वेगळे असते? नुसत्या तानांचा पाऊस पाडणारे गवई आणि तबल्याशी कुस्ती खेळणारे सतारिये आपण पाहिलेले नाहीत काय? कसरत ही प्रत्येक कलेच्या अंगणात वाढणारी वेल आहे. तिने घर झाकले, तर दोष घराचा नव्हे.

रसांची कसोटी

शेवटी मी आपल्या घरची कसोटी लावून पाहिली, भरतमुनींची. या वाद्यातून कोणते रस निघतात?

वीर आणि रौद्र यांची ददात नाही. या कलेच्या सामन्यांना 'लढाई' असाच शब्द आहे. अद्भुतही आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा, फिलिपिनो वंशाचा क्यूबर्ट हा या वाद्यातला थोर कलावंत. त्याची १९९८ ची 'वेव्ह ट्विस्टर्स' ही तबकडी ऐकताना आपण कोणत्या तरी दूरच्या ग्रहावरच्या प्राण्यांचे संभाषण ऐकतो आहोत असे वाटते. भाषा कळत नाही. पण कोण चिडले, कोण थट्टा करते आहे, ते कळते.

हास्य आणि करुण मात्र मला सापडले ते किड कोआला या कॅनडातल्या वादकाकडे. २००० साली त्याने 'ड्रंक ट्रम्पेट' नावाची रचना काढली. तबकडीवरचा ट्रम्पेटचा लांब सूर घ्यायचा आणि हाताने वेग कमी-अधिक करीत त्यातून चाल काढायची. हात घसरतो, सूर झोकांड्या खातो, सावरतो, पुन्हा कलंडतो. मैफल आटोपून अपरात्री घरी निघालेला एक ट्रम्पेटवाला डोळ्यांपुढे उभा राहतो. आधी हसू येते. मग हळूहळू वाटू लागते, की याला घरी वाट पाहणारे कोणी आहे की नाही? हसता हसता असा प्रश्न मनात यावा, यालाच आपण विनोदाची उंची म्हणतो.

हाच कलावंत 'मून रिव्हर' हे जुन्या इंग्रजी चित्रपटातले गाणे रंगमंचावर तबकड्यांवर वाजवतो. गाण्यातले व्हायोलिनचे सूर तो हाताने वाकवीत, ताणीत नेतो. सूर अगदी नेमके लागत नाहीत. किंचित कापतात, उशिरा पोचतात. वृद्ध माणसाने तरुणपणीचे गाणे गुणगुणावे तसे. त्याने एका यंत्रमानवाची चित्रकथाही काढली आणि पुढे २०१४ मध्ये बाहुल्या व चार तंतुवाद्यांच्या साथीने तिचा रंगमंचीय प्रयोग केला. कालबाह्य होत चाललेला एक यंत्रमानव एका मुलीच्या प्रेमात पडतो आणि तिच्यासाठी प्रेमगीत रचू पाहतो. पण त्याला गाता येत नाही. या वाद्याचे आत्मचरित्र याहून वेगळे काय असणार?

बड्या घरांची दारेही आता उघडली आहेत. थोर रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह यांचा नातू गेब्रिएल प्रोकोफिएव्ह याने तबकडी आणि वाद्यवृंद यांच्यासाठी कॉन्चेर्तो लिहिला, आणि २०११ साली लंडनच्या विख्यात प्रॉम्स महोत्सवात तो वाजला. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात या वादनाच्या ध्वनिशास्त्रावर २०१० साली डॉक्टरेटचा प्रबंध झाला. आणि आपल्या माणसांचे म्हणाल, तर मुंबईचे झाकिर हुसेन आणि सारंगीनवाज सुलतान खान यांच्या 'टॅबला बीट सायन्स' या मेळाची सॅन फ्रान्सिस्कोच्या मैफलीची ध्वनिमुद्रिका २००२ मध्ये निघाली, तिच्यात डी.जे. डिस्क हा तबकडीवाला त्यांच्या साथीला आहे. दोघेही थोर कलावंत आज आपल्यात नाहीत. पण माणसाच्या गळ्याच्या सर्वांत जवळचे मानलेले सारंगीसारखे वाद्य ज्याच्या शेजारी बसायला लाजले नाही, त्याला आपण पंक्तीबाहेर का काढावे?

शेजारच्या खोलीत कोणी बोलत असले, तर शब्द कळत नाहीत, तरी आपण दचकून विचारतो, "काय झालं गं?" कशावरून? आवाजाच्या चढउतारावरून, बोलण्याच्या गतीवरून, मध्येच तुटण्यावरून आणि तुटल्यानंतरच्या शांततेवरून. माणसाच्या भावनेचे हे चार साक्षीदार आहेत. तबकडीवाल्याच्या दोन हातांत हे चारही असतात. त्याने त्यांना खोटी साक्ष द्यायला लावायची, की खरी, हे त्याचे त्याने ठरवायचे.

इतके सारे मी वहीत लिहून काढले. निष्कर्ष मांडला: 'होय, तबकडी घासण्यातून भाव व्यक्त होऊ शकतो, मात्र घासणाऱ्यापाशी सांगण्यासारखे काही असावे लागते.' खाली रेघ मारली, आणि प्रश्न सुटला असे समजून मोकळा झालो.

आतली हाक

गेल्या दिवाळीची गोष्ट. वसुबारसेची संध्याकाळ. आई चकल्या पाडीत होती. बाहेरच्या खोलीत मी कंदिलाची दोरी सोडवीत होतो आणि चिरंजीव आपल्या यंत्रापाशी होते. हल्ली अशी सोय आहे, की गाणे संगणकात भरून ठेवायचे आणि खुणांची एक खास तबकडी फिरवायची. हात त्या तबकडीवर, आणि आवाज संगणकातल्या गाण्याचा. मूळ तबकडीला ओरखडाही येत नाही. मला न सांगता या मुलाने आजोबांची ती लहान तबकडी एकदा लावून संगणकात उतरवून घेतली होती. चऱ्यासकट.

एकाएकी दुसरे कडवे सुरू झाले. मी दोरी हातात धरून तसाच उभा राहिलो. गाणे त्या शब्दापाशी आले, आणि अडकले. एकदा, दोनदा, तीनदा. त्याच जुन्या अंतराने. मग मुलाने हात ठेवला. ते अक्षर हळूहळू खाली उतरू लागले, जड झाले, एखाद्याने खुर्चीतून उठताना सोडलेल्या सुस्काऱ्यासारखे झाले. मग पुन्हा वर आले, अर्ध्यावर तुटले. पुन्हा सुरू झाले, पुन्हा तुटले. कोणी काही सांगायला तोंड उघडावे आणि 'जाऊ दे' म्हणून मिटून घ्यावे, तसे.

आणि स्वयंपाकघरातून हाक आली,

"अहो, पिन उचला!"

त्यानंतर आत एकदम सारे शांत झाले. सोऱ्याचा आवाजही थांबला. मुलाने घाबरून तबकडीवरचा हात काढला. मी त्याच्याकडे पाहिले, त्याने माझ्याकडे. कोणाला काय बोलावे सुचेना.

आई दारात आली. हाताला भाजणीचे पीठ तसेच होते. तिने आधी कोपऱ्यातल्या आरामखुर्चीकडे पाहिले, मग नातवाकडे. मला वाटले, आता ती रागावणार. निदान डोळ्यांना पदर लावणार. तिने दोन्ही केले नाही. दाराच्या चौकटीला टेकून ती म्हणाली,

"थांबलास का रे? वाजव की."

मुलाने चाचरत विचारले, "आजी, पिन पुढे सरकवू?"

"नको," आई म्हणाली, "राहू दे थोडा वेळ अडकलेली."

तिने उभ्या उभ्या ऐकले. किती वेळ, ते मी मोजले नाही. मग "अगंबाई, तेल तापलंय!" असे म्हणून ती आत गेली, आणि थोड्याच वेळात चकलीचा खमंग वास बाहेर आला.

माझी निष्कर्षांची वही अजून टेबलाच्या खणात आहे. तिच्यात मारलेली ती शेवटची रेघ मात्र मी त्याच रात्री खोडून टाकली.